कळलावी: कोणती कळ, आणि ती लावतं कोण?

जूनच्या शेवटी मी एका नर्सरीतून एक कुंडी आणली. काळ्या पिशवीत वीतभर कोंब आणि पिशवीला टाचलेलं रंगीत कार्ड: ‘ग्लोरी लिली, क्लायंबर, फुल सन’. नाशिकला पाऊस लागला तशी ती गॅलरीच्या ग्रिलवर सरसर चढली आणि श्रावणात पहिलं फूल उघडलं. आई कपडे वाळत घालायला आली आणि हातातला चिमटा तसाच धरून उभी राहिली.

‘अरे, ही तर कळलावी. ही घरात ठेवत नसतात.’

‘का?’

‘भांडणं लागतात.’

भाची तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होती. मोबाइलमधून डोकं वर न काढता ती म्हणाली, ‘आजी, भांडणाची कळ नाही गं ती. बाळंतपणाच्या कळा. पूर्वी हिचा कंद लावायचे म्हणे, कळा याव्यात म्हणून.’

‘तुला गं काय ठाऊक बाळंतपणाचं?’ आई म्हणाली, आणि कळलावी घरात आली की भांडण लागतं हे पुढची दहा मिनिटं सिद्ध होत राहिलं.

गंमत अशी, की दोघींनी सांगितलेले अर्थ शंभर टक्के प्रचलित आहेत. वनस्पतींच्या मराठी पुस्तकांत बहुधा बाळंतपणाचा अर्थ सापडतो. गावात विचारलं तर भांडणाचा सापडतो. आईचं माहेर हरसूलकडचं. तिकडे कुंपणाच्या निवडुंगावर चढलेली कळलावी पोरांना दुरूनच दाखवली जायची, आणि ‘घरात आणली तर घर फुटेल’ एवढं सांगून विषय संपायचा. मग एका फुलाच्या नावात दोन गोष्टी राहायला आल्या कशा? ते उलगडायचं तर आधी ‘कळ’ सोडवावी लागते, मग ‘लावणे’, आणि मग त्या कंदात नेमकं काय आहे तेही पाहावं लागतं. तिन्ही एकमेकांत वेलीसारखी गुंतलेली आहेत.

पण आधी फूल. अंजनेरीच्या वाटेवर, त्र्यंबक–इगतपुरीकडच्या झुडपांत, पेठ–सुरगाण्याच्या बांधांवर पावसाळ्यात आगीच्या जिभांसारखं काही हिरव्यातून वर आलेलं दिसलं तर बहुतेक तीच. फूल खाली तोंड करून लटकतं आणि सहाही पाकळ्या मात्र उलट्या वर वळलेल्या असतात, कडा नागमोडी. उमलताना रंग हिरवट पिवळा. मग टोकाकडून केशरी होत जातो आणि काही दिवसांत सगळं फूल लाल. त्यामुळे एकाच वेलीवर पिवळं, केशरी आणि लाल अशी तीन वेगळी फुलं आहेत असं वाटतं. त्यांच्या वयात फरक असतो इतकंच. जवळ गेलात तर दोन खुणा पाहा. पानाचं टोक पुढे लांबून स्प्रिंगसारखं वळतं आणि आधाराला पकडतं. वेगळा ताणा फुटत नाही, पानच हात पुढे करतं. आणि फुलाच्या मधोमध निघणारी कुक्षीची दांडी बुडाशीच काटकोनात मोडल्यासारखी एका बाजूला जाते. या दोन खुणा पटल्या की चूक होणं अवघड.

जमिनीखाली कंद असतो. दिवाळीनंतर वेल वाळून नाहीशी होते, उन्हाळ्यात तिथे काही होतं याचा मागमूस उरत नाही, आणि पहिल्या पावसात कोंब पुन्हा वर येतो. कंद बोटाएवढा जाड, फिकट तपकिरी आणि दोन फाट्यांचा असतो, कोन करून जोडलेल्या दोन बोटांसारखा. या आकाराकडे पुढे परत यायचं आहे.

आता ‘कळ’. मराठीत हा शब्द फार ठिकाणी राबतो. पोटात कळ येते, ती वेदना. बाईला कळा सुरू होतात, त्याही वेदनाच, पण अनेकवचनात. यंत्राची कळ दाबतात, ती बटण. आणि कोणी कळ काढतं, म्हणजे भांडण उकरून काढतं. यातलं ‘कळ काढणे’ तर भारीच प्रकरण आहे. ‘आधी कळ त्याने काढली’ म्हणजे सुरुवात त्याने केली. ‘जरा कळ काढ, येतोच आहे तो’ म्हणजे धीर धर. एकच क्रियापद, एकीकडे दुसऱ्याला डिवचणं, दुसरीकडे स्वतः सोसणं. मराठी शिकणाऱ्याला हे समजावताना मास्तरलाही थोडी कळ काढावी लागत असेल.

‘लावणे’ त्याहून बेरकी. रोप लावतात, लेप लावतात, आग लावतात, दिवा लावतात, भांडण लावतात, सवय लावतात, नवऱ्याला कामाला लावतात. आता कळलावीच्या बाबतीत पाहा: जी वेल लावायची, तिच्याच कंदाचा लेप लावायचा, म्हणजे कळा लागणार, आणि तीच घरात लावली तर भांडण लागणार. एका क्रियापदाने सगळे धंदे सांभाळले आहेत. या फुलाचं नाव दुसऱ्या भाषेत नेताना निम्मा अर्थ सांडतो तो इथेच.

नाव घडलंय कसं तेही बघा. मराठीत ‘घरबुडव्या’, ‘आगलाव्या’ असे शब्द आपण सहज करतो: आधी वस्तू, मग क्रिया, शेवटी ‘या’ लागून तो करणारा माणूस तयार. बाई असेल तर घरबुडवी, आगलावी. त्याच साच्यातला कळलाव्या, आणि त्याचं स्त्रीलिंग कळलावी. नारदाला आपण कळलाव्या म्हणतो ते तो इकडची गोष्ट तिकडे सांगून भांडणं लावून देतो म्हणून. ‘कळलाव्या नारद’ ऐकून कोणालाही बाळंतपण आठवत नाही. म्हणजे बोलीत हा शब्द भांडणाच्या अर्थाने घट्ट बसलेला आहे, फुलाचा संबंध असो वा नसो.

संस्कृतकडे वळलं की तिथेही दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी उभ्या दिसतात. या वेलीची जुनी नावं पुष्कळ आहेत. त्यांतलं एक कलिकारी, त्याचंच रूप कलिहारी. हिंदीत आजही कलिहारीच म्हणतात. ‘कलि’ म्हणजे कलह. कलिकारी म्हणजे भांडण करणारी. कळलावीला संस्कृतमध्ये नेलं असतं तर याहून वेगळं काय झालं असतं? पण त्याच यादीत गर्भनुत् आहे, गर्भपातिनी आहे. ही नावं थेट गर्भाशी जोडलेली, त्यांत भांडणाचा मागमूस नाही. आणि विशल्या आहे: शल्य, म्हणजे शरीरात रुतलेलं काही, बाहेर काढणारी. रुतलेला काटा असो की अडलेलं बाळ, वैद्याच्या दृष्टीने दोन्ही बाहेर काढायचीच.

माझा स्वतःचा कल (या शब्दापासून आज सुटका नाही) आईच्या बाजूला आहे. कारण साधं, व्याकरणाचं. प्रसूतीच्या वेदना मराठीत नेहमी ‘कळा’ असतात, अनेकवचनी. त्या येतात, सुरू होतात, फार तर लागतात. कोणी त्या ‘लावत’ नाही. उलट ‘कळ लावणे’ हा भांडणासाठीचा तयार, रोजच्या वापरातला प्रयोग आहे. शेजारी कलिकारी उभी आहेच. त्यामुळे नाव आधी भांडणाचं असावं आणि कंदाचा वापर जाणणाऱ्या सुइणींच्या तोंडी त्यातली ‘कळ’ हळूच पोटाकडे सरकली असावी, असं मला वाटतं. भाचीला हे पटलेलं नाही. तिचं म्हणणं, जोडशब्दात वचन पुसलं जातं. ‘फुलवाला’ काही एकच फूल विकत नाही. मुद्दा चोख आहे. मी तिला वडापाव देऊन विषय तात्पुरता थांबवला.

पण घरात भांडण लागतं हा समज आला तरी कुठून? वेलीकडे पाहून मला एक साधी शंका येते. ज्या घरात रांगतं पोर आहे, त्या घरात ही वस्तू मुळीच नको, हे जुन्या माणसांना अनुभवाने कळलेलं होतं. ‘विषारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. घरात उंदराचं औषधही असतंच की, फळीवर ठेवून देतात. ‘भांडणं लागतील’ म्हटलं की सासू आणि सून दोघी मिळून ती उंबऱ्याबाहेर ठेवतात. हा माझा तर्क. विष मात्र तर्कातलं नाही.

कळलावीच्या सगळ्या अंगात कोल्चिसीन नावाचं द्रव्य असतं, कंदात आणि बियांत तर विशेषच. त्याचं नाव दुसऱ्याच एका फुलावरून आलं आहे: कोल्चिकम, युरोप–पश्चिम आशियातलं केशरासारखं दिसणारं फूल. काळ्या समुद्राकाठचा कोल्किस हा प्राचीन प्रदेश, आजच्या जॉर्जियातला, त्यावरून ते नाव पडलं. १८२० साली पेलतिये आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी कोल्चिकममधून हे द्रव्य वेगळं काढलं. (त्याच वर्षी याच जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनाइनही काढलं. काही वर्षं अशी असतात.) कळलावी आणि कोल्चिकम एकाच कुळातल्या; पूर्वी दोघींना लिलीच्या कुळात बसवायचे, म्हणून अजूनही नर्सरीच्या कार्डावर ती ‘लिली’ आहे.

हे विष करतं काय? शरीरातली पेशी दुभागते तेव्हा तिच्या आत अतिसूक्ष्म दोऱ्यांचा एक माग उभा राहतो. त्या दोऱ्या गुणसूत्रांच्या दोन प्रती दोन बाजूंना ओढून नेतात आणि मग एकीच्या दोन पेशी होतात. दोऱ्या तयार होतात ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे एकापुढे एक जोडून. कोल्चिसीन त्या तुकड्यांनाच जाऊन चिकटतं आणि जोडणी अडवतं. येवल्याच्या कारागिराला मागावर ताणाच भरू दिला नाही तर पैठणी पुढे सरकणार कशी, तसं. पेशी दुभागायला निघते आणि मध्येच अडकते.

ज्या पेशी सारख्या दुभागत असतात त्यांना याचा फटका आधी बसतो. पहिलं आतड्याचं अस्तर: खाल्ल्यानंतर काही तासांनी उलट्या, जुलाब, पोटात असह्य कळ. अगदी नावासारखीच, पण बाळंतपणाची नव्हे. मग हाडांतला मगज, जिथे रक्तपेशी तयार होतात. आणि जो यातून वाचतो त्याचे आठवड्या–दोन आठवड्यांनी केस गळतात, कारण केसांची मुळंही सतत दुभागणारीच. उलट्या–जुलाब सुरुवातीला साध्या अन्नविषबाधेसारखे वाटतात आणि तिथेच वेळ जातो. कंद रताळं किंवा एखादं रानकंद समजून खाल्ल्याच्या घटना श्रीलंका आणि भारतातल्या वैद्यकीय नोंदींमध्ये वारंवार येतात. तसं कधी घडलंच तर घरगुती उपाय करत बसू नये. उरलेला कंद किंवा वेलीचा तुकडा पिशवीत घालून माणसासह थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं. डॉक्टरांना ‘काय खाल्लं’ हे दिसलं की निम्मं काम होतं.

आता सुइणीच्या लेपाकडे या. प्रसूती अडली तर कंद उगाळून बेंबीखाली किंवा तळपायाला लावायचा, ही रीत देशात बऱ्याच ठिकाणी नोंदलेली आहे. बाळ सुटलं की लेप लगेच पुसायचा, हेही सोबत सांगतात. त्या सूचनेतच सगळं आलं: वापरणाऱ्यांना ठाऊक होतं की हातात निखारा आहे. आज कळा आणायच्या असतील तर दवाखान्यात ऑक्सिटोसिनचं सलाइन लावतात. थेंब मोजता येतात, कमी–जास्त करता येतात, बाळाचे ठोके बिघडले तर नळी बंद करता येते. कंदाच्या लेपाला तोटी नसते. एका कंदात विष किती, दुसऱ्यात किती, याचा डोळ्यांनी अंदाज करता येत नाही. म्हणून नावातला हा अर्थ सांगताना तो इतिहास म्हणूनच सांगावा. ‘पारंपरिक उपाय’ असा मथळा देऊन तो पुढे ढकलणारे लोक मला खरे कळलावे वाटतात.

हेच द्रव्य मोजून घेतलं की औषध होतं. गाउटच्या, म्हणजे पायाचा अंगठा रात्रीतून सुजवून झोप उडवणाऱ्या संधिवाताच्या दुखण्यावर कोल्चिसीनच्या गोळ्या डॉक्टर आजही देतात. नेहमीची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची. एका ग्रॅममधून अशा २,००० गोळ्या होतील. चिमूटभर पूड म्हणजे किती, ते यावरून ताडून पाहा. आयुर्वेदानेही हिला औषधात घेताना उपविषांच्या रांगेत बसवलं: रुईचा चीक, निवडुंगाचा चीक, कण्हेर, गुंज, अफू, धोतरा आणि लांगली. लांगली म्हणजे आपली कळलावीच. लांगल म्हणजे नांगर. कंद कोन केलेल्या दोन बोटांसारखा असतो असं वर म्हटलं ना? हातात घेऊन पाहिला तर लाकडी नांगराचं छोटं खेळणंच वाटतं. ज्याने हे नाव दिलं त्याने वेल खणून पाहिली होती.

शेतीतही कोल्चिसीनचा एक चमत्कार आहे. गुणसूत्रं दुप्पट होतात पण पेशी दुभागू शकत नाही, मग दुप्पट गुणसूत्रांची एकच पेशी उरते. १९३७ साली ब्लेक्सली आणि अ‍ॅव्हरी यांनी हे वनस्पतींत दाखवून दिलं, आणि मग ही युक्ती वाण तयार करणाऱ्यांच्या हाती आली. बिनबियांचं कलिंगड असंच होतं: गुणसूत्रांचे चार संच केलेल्या झाडाचा दोन संचांच्या झाडाशी संकर करायचा, तीन संचांचं रोप येतं, आणि तीनाची समान वाटणी होत नाही म्हणून बी धरत नाही. द्राक्षांच्या गावात राहतो म्हणून सांगून टाकतो: आपल्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांशी याचा संबंध नाही. तिथे बी धरतं, पण तिची वाढ कोवळेपणीच थांबते आणि खाताना ती जाणवत नाही.

नावांकडे परत. कारण खरी घोळाची जागा तिथे आहे.

आपल्याकडे कळलावीला खड्यानाग म्हणतात, काही ठिकाणी बचनागही. गुजरातीत वछनाग. सुरगाण्याच्या बाजारात दोन्ही भाषा एका टोपलीपाशी भेटतात, त्यामुळे हे शब्द तिकडे सर्रास. पण बचनाग हे मूळ नाव दुसऱ्याच झाडाचं आहे. संस्कृतातला वत्सनाभ, हिमालयात वाढणारा, निळसर फुलांचा. त्यातलं विष अ‍ॅकोनिटिन, आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतं. कळलावीचं विष पेशींच्या मागावर घाव घालतं. दोन्ही जीवघेणी, पण उपचार वेगळे, वेळ वेगळी, लक्षणं वेगळी. दवाखान्यात ‘बचनाग खाल्ला’ एवढंच सांगितलं तर डॉक्टरने काय समजायचं?

शिवाय वत्सनाभचं बचनाग होताना मध्ये एक साप शिरला. ‘नाभ’चा ‘नाग’ झाला. मग ज्या नावात नाग आहे ते झाड सापाच्या विषावर चालत असणार, असं लोकांच्या मनाने घेतलं असावं असं मला वाटतं. कळलावीचा कंद सर्पदंशावर लावतात हा समज आजही ऐकू येतो. साप चावल्यावर उपयोग होतो तो दवाखान्यातल्या सर्पविषरोधक लसीचा. नावात शिरलेल्या नागाने विष उतरत नाही.

तशीच वाघनखी. कोणी कळलावीलाच वाघनखी म्हणतं, वळलेल्या पाकळ्यांवरून. पण ज्याच्या वाळलेल्या फळाला दोन आकडे असतात आणि जे शेळ्यांच्या केसांत अडकून फिरतं, ज्याला विंचू असंही म्हणतात, त्या मार्टिनियालाही वाघनखीच म्हणतात. ते मूळचं मेक्सिकोकडचं, कळलावीशी दूरचंही नातं नाही.

आणि अंजनेरीवर गेलात तर एक चूक ठरलेली. हनुमानाचा जन्म तिथला, अशी नाशिककरांची श्रद्धा आहे. वर अंजनीमातेचं मंदिर आहे. वाटेत कळलावी फुललेली दिसते, आणि ग्रुपमधला एखादा जाणता सांगतोच: हिचं नाव विशल्या, म्हणजे हनुमंताने लक्ष्मणासाठी आणलेली हीच. वाल्मीकी रामायणात त्या पर्वतावरच्या चार औषधी सांगितल्या आहेत. मृतसंजीवनी आणि विशल्यकरणी ही त्यांतली दोन नावं. विशल्या आणि विशल्यकरणी यांत ‘शल्य’ सारखं आहे एवढंच. आडनाव एक म्हणून माणूस एक होत नाही. गेल्या वर्षी मी हे एका पर्यटकाला समजावत होतो तर पायरीवर करवंदं नाही, काकड्या विकत बसलेल्या आजी मध्येच म्हणाल्या, ‘काय का असंना बाबा, खाऊ नको म्हंजे झालं.’ पाच पानांचा लेख त्यांनी एका वाक्यात आटपला.

अग्निशिखा हे नाव सध्या सगळ्यांत लाडकं आहे. कॅलेंडरवर, रानफुलांच्या फोटोंखाली तेच असतं. नाव सुंदर आहे, फुलाला शोभतंही. पण त्यातून फक्त रूप कळतं. आणि तेही एकटं हिचं नाही. अमरकोशात ‘अग्निशिख’ हे केशराच्या नावांतही आहे. कोल्चिकमचं फूल केशरासारखं दिसतं हे मघाशी आलंच. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका, पण मला असा योगायोग दिवसभर पुरतो.

रूपावरून पडलेली नावं दूरदूर सापडतात. कोकणात काही ठिकाणी या फुलांना गौरीचे हात म्हणतात आणि भाद्रपदात गौरीपुढे ठेवतात. जी आमच्याकडे उंबऱ्याबाहेर, ती तिकडे देवीचे हात होऊन घरात. तमिळमध्ये ती सेंगांदळ, म्हणजे लाल कांदळ, आणि तमिळनाडूचं राज्यफूल. तिथल्या जुन्या संगम कवितेत बाईच्या बोटांना कांदळच्या पाकळ्यांची उपमा देतात. कोकणातल्या बायांनी ती कविता ऐकलेली असणं शक्य नाही. दोघांनीही फूल नीट पाहिलं होतं, बस्स. त्याच तमिळनाडूत शेतकरी हिच्या बियांसाठी मांडव घालून रीतसर शेती करतात, बिया औषध कारखान्यांकडे जातात. आफ्रिकेत झिंबाब्वेचं हे राष्ट्रीय फूल आहे. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथला तिथून, तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियातून, याच फुलाच्या आकाराचा हिऱ्यांचा ब्रोच भेट मिळाला होता. तो कोणी घरात ठेवू नका म्हणाल्याचं ऐकिवात नाही.

शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा, १७५३ साली लिनियसने दिलेलं. पहिला शब्द वैभवाचा, दुसरा दिमाखाचा. नर्सरीचं कार्ड तिथूनच आलं. त्या नावाचा उपयोग मोठा आहे: जगात कुठेही गेलात तरी त्या नावाची वनस्पती एकच, बचनागसारखा घोळ नाही. पण त्यात धोक्याची घंटा नाही. कळलावीत ती आहे. म्हणून मी लिहिताना दोन्ही वापरतो. ओळख पक्की करायची असेल तर शास्त्रीय नाव, माणसाशी बोलायचं असेल तर कळलावी. अग्निशिखा फोटोखाली. खड्यानाग कोणी म्हटलं तर मी लगेच विचारतो, ‘पानाचं टोक वळलेलं आहे का?’ आणि बचनाग शब्द मी या वेलीसाठी वापरतच नाही.

वाक्यात वापरताना ती स्त्रीलिंगी: कळलावी फुलली, कळलावीचा कंद. माणसासाठी म्हणायचं असेल तर कळलाव्या किंवा कळलावी बाई, आणि ते फक्त भांडणाच्या अर्थाने. मालिकेतल्या खलनायिकेला आई हेच म्हणते. सुइणीला कोणी कळलावी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. भाचीला हा पुरावा मी राखून ठेवलाय.

कुंडीचं काय झालं ते राहिलंच. खालच्या मजल्यावर दोन वर्षांचा एक उद्योगी मुलगा आहे, गॅलऱ्या एकाखाली एक. तेव्हा ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, कुलपाच्या दाराआड गेली. मी पांढऱ्या टाइलच्या तुकड्यावर मार्करने ठळक लिहिलं: ‘कळलावी. विषारी. हात लावू नये.’ टाइल कुंडीला टेकवून ठेवली. आई पापड उचलायला आली होती. तिने चष्मा वर करून सगळं वाचलं.

‘लावू नये?’ म्हणाली. ‘मग लावलीस कशाला?’